घाटासाठी हलकी आणि परवडणारी चाकं: रोड सायकलला नवी जोडी कशी निवडावी

पहिल्या रोड सायकलबरोबर येणारी चाकांची जोडी टायर-ट्यूब सोडून साधारण २,००० ते २,३०० ग्रॅम भरते. गिऱ्हाईक गिअर बघतं, फ्रेम बघतं, रंग बघतं. चाक उचलून कुणी बघत नाही, आणि किंमत आवाक्यात ठेवायला कंपनी तिथेच हात आखडता घेते. साताऱ्यात सायकल चालवणाऱ्याला हे लवकर कळतं. यवतेश्वर, सज्जनगडचा चढ, वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट, मेढ्याच्या पुढे केळघर घाट, जिकडे जावं तिकडे चढ. मग हलकी चाकं घ्यावीत असं वाटू लागतं. वाटण्यात गैर काहीच नाही, फक्त पैसे कुठे आधी घालायचे आणि कुठे हात राखायचा हे माहीत हवं.

अर्ध्या किलोने नेमकं किती फरक पडतो

चढावरचा वेग मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: पायांतली ताकद आणि वर न्यायचं एकूण वजन. एकूण म्हणजे तुम्ही, सायकल, बाटल्या, पंप, सगळं धरून. समजा तुम्ही ६४ किलो, सायकल १० किलो, सामान १ किलो; झाले ७५. चाकांतून अर्धा किलो कमी केला तर एकूण वजन ०.६७ टक्क्यांनी घटलं. यवतेश्वरचा घाट चढायला अर्धा तास लागत असेल तर तेवढ्याच दमात सुमारे १२ सेकंद वाचतील. सांगली-मिरजेसारख्या सपाट रस्त्यावर एका वेगात चालवताना हा फरक जवळजवळ शून्य.

'फिरणाऱ्या वजनाचा एक ग्रॅम म्हणजे दोन ग्रॅम' हे वाक्य दुकानात हमखास ऐकायला मिळतं. ते वेग वाढवताना खरं आहे, कारण रिमवरच्या, म्हणजे चाकाच्या बाहेरच्या कड्यावरच्या, वस्तुमानाला पुढेही ढकलावं लागतं आणि गोलही फिरवावं लागतं. एका वेगात चढत असताना मात्र रिमवरचा ग्रॅम आणि बाटलीतला ग्रॅम सारखाच. हलकी रिम कळते ती वळणावर वेग पडल्यावर पुन्हा उचल घेताना, किंवा एसटीच्या मागे अडकून पुन्हा जोर लावताना. ते सुख खरं आहे, पण त्यावर मिनिटांचा हिशोब मांडू नका.

मग बदलायची कशाला? मूळ चाकं जड असतातच, शिवाय तारांचा (स्पोकचा) ताण बहुधा असमान असतो, हबचे (चाकाच्या मधल्या तुंब्याचे) कोन, म्हणजे छर्रे जागेवर धरणारे शंकूसारखे नट, कारखान्यातून घट्ट आवळून येतात आणि ग्रीस जेमतेम घातलेलं असतं. चांगली जोडी हलकी असतेच, पण ती आऊट न येता, म्हणजे डगमगू न लागता, वर्षानुवर्षे सरळ फिरते. आमच्या मते या भागात लक्ष्य ठेवावं ते १,५५० ते १,७०० ग्रॅमच्या अ‍ॅल्युमिनियम जोडीचं. त्याखाली गेलात की प्रत्येक ग्रॅम महाग पडत जातो आणि त्याची किंमत टिकाऊपणातून वळती होते.

आधी टायर आणि ट्यूब

चाकं बघण्याआधी त्यांच्यावर काय चढवलं आहे ते काढून वजन करा. लोखंडी तारेच्या कडेचा स्वस्त २५ मिलिमीटर टायर ३३० ते ३८० ग्रॅमचा असतो. घडी होणारा चांगला टायर, उदाहरणार्थ कॉन्टिनेन्टलचा जीपी ५०००, त्याच मापात साधारण २२० ते २३० ग्रॅमचा. मधल्या किमतीचे २६० ग्रॅमच्या आसपास येतात. म्हणजे जोडीमागे दोनशे-अडीचशे ग्रॅम इथेच गेले, तेही चाकाच्या अगदी बाहेरच्या कडेवरून, जिथे वजन सर्वांत जाणवतं. शिवाय चांगला टायर रस्त्यावर कमी अडतो. ताशी ३० किलोमीटरला स्वस्त आणि चांगल्या टायरच्या जोडीत दहा-पंधरा वॉटचा फरक सहज निघतो. एवढा फायदा कुठलीही हलकी रिम देत नाही.

साधी रबरी ट्यूब १०० ते ११० ग्रॅमची, पातळ रबराची ७० च्या आसपास आणि टीपीयू नावाच्या पातळ प्लॅस्टिकची ३५ ते ४०. टीपीयू ट्यूब घेताना पाकिटावरचा मजकूर नीट वाचा: काही फक्त डिस्क ब्रेकच्या सायकलींसाठी असतात. रिम ब्रेक लावत घाट उतरताना रिम तापते आणि ते प्लॅस्टिक मऊ पडतं. या ट्यूबला नेहमीचं सोल्युशन आणि ठिगळ चालत नाही, तिचं वेगळं ठिगळ सोबत ठेवावं लागतं. टायरबाहेर फुगवून पंक्चर शोधायची सवय असेल तर ती इथे सोडा. जास्त फुगवली की ती कायमची ताणली जाते आणि पुन्हा टायरमध्ये नीट बसत नाही.

रुपयांत बघायचं असेल तर हिशोब सोपा आहे: किंमत भागिले वाचणारे ग्रॅम. समजा टायरची जोडी ६,००० रुपयांना आणि वाचले २५० ग्रॅम, तर ग्रॅममागे २४ रुपये. चाकांची जोडी २४,००० ला आणि वाचले ४५० ग्रॅम, तर ५३ रुपये. आकडे दुकानातल्या आजच्या भावाने बदलून घ्या, पण क्रम बहुतेक वेळा हाच येतो.

आपल्या सायकलला काय बसतं ते मोजा

परत पाठवाव्या लागलेल्या चाकांपैकी बहुतेक इथे फसलेली असतात. ब्रेक कुठला, यापासून सुरुवात करा. रिम ब्रेकच्या रोड सायकलला क्विक रिलीजची (हाताच्या दांडीने आवळायच्या बारीक आसाची) चाकं लागतात, पुढे हबची रुंदी १०० मिलिमीटर आणि मागे १३०. डिस्क ब्रेक असेल तर जुन्या सायकलींत मागे १३५ मिलिमीटर क्विक रिलीज, नव्यांत थ्रू अ‍ॅक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा जाड आस): पुढे १२ बाय १००, मागे १२ बाय १४२. डिस्क हबला कशी बसते तेही बघा, सहा स्क्रूंनी की सेंटरलॉकने (मधल्या एकाच रिंगने). रिम ब्रेकच्या फ्रेमला डिस्कचं चाक बसवण्याचा खटाटोप करू नये. रुंदी वेगळी, आणि डिस्कच्या रिमला ब्रेक घासायला पट्टाच नसतो.

मग मागचा दातेरी संच. सात गिअरच्या स्वस्त सायकलींवर पुष्कळदा कॅसेट, म्हणजे हबच्या खाचांवर सरकवून बसवायचा संच, नसतेच. हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. नव्या चाकावर ते बसणार नाही. चाक बदलायचं तर कॅसेटही घ्यावी लागेल आणि कधी कधी शिफ्टरसुद्धा. अशा वेळी चाकांचा नाद सोडून टायर बदलावेत आणि पुढच्या सायकलीसाठी पैसे साठवावेत.

आठ, नऊ, दहा गिअरची शिमानो कॅसेट असेल आणि नवं चाक ११ गिअरच्या बॉडीचं (हबच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्याचं) असेल, तर आत १.८५ मिलिमीटरची चकती टाकली की बसते. शिमानोच्या दहा गिअरच्या काही रोड कॅसेटना आणखी एक मिलिमीटरची पातळ चकती लागते. ती कॅसेटच्या डब्यातच येते, कचऱ्यात टाकू नका. चकती विसरली तर लॉकरिंग (कॅसेट आवळणारी रिंग) पूर्ण आवळूनही कॅसेट डुगडुगते. शिमानोच्या १२ गिअरच्या रोड कॅसेट ११ च्या बॉडीवर बसतात. स्रॅमच्या १२ गिअरला एक्सडीआर नावाची वेगळी बॉडी लागते, ती वेगळी मागवावी.

शेवटी जागा. फ्रेमच्या मागच्या दांड्यांमधून आणि ब्रेकच्या कमानीखालून किती रुंद टायर जातो ते मोजा. जुन्या रिम ब्रेक फ्रेममध्ये २५ वरच गाडी अडते. आतून १७ मिलिमीटर रुंद रिमवर २५ चा टायर छान बसतो, १९ वर २५ आणि २८ दोन्ही. रिम जितकी रुंद तितका टायर छापलेल्या मापापेक्षा फुगून बसतो, म्हणून बाजूला निदान चार मिलिमीटर मोकळी जागा राहील असंच माप धरा. पावसात त्या फटीत चिखल आणि खडे अडकतात आणि रंग खरवडून निघतो.

रिम

परवडणाऱ्या हलक्या जोडीत एक रिम ४३० ते ४८० ग्रॅमची असावी. त्याहून हलकी अ‍ॅल्युमिनियम रिम मिळते, पण तिच्या भिंती पातळ असतात आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी खचलेल्या रस्त्याच्या कडेवर एकदा चांगलं आपटलं की कड वाकते. वाकलेली कड पकडीने सरळ करता येते असं सांगणारे भेटतील. रिम ब्रेकच्या चाकावर तसं करू नका, वाकलेल्या जागी भेग पडलेली असू शकते.

रिम ब्रेक वापरणाऱ्याने साताऱ्यात एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी. कासचं पठार जांभ्याचं आहे. पावसाळ्यात रस्त्यावर वाहून आलेली लाल माती ओल्या रिमवर आणि ब्रेकच्या रबरावर चिकटली की उतारभर पॉलिश पेपर घासत यावा तशी रिम झिजते. वर्षभर सपाटीवर न झिजणारी रिम इथे दोन-तीन पावसाळ्यांत पातळ होऊ शकते. नवीन रिमची भिंत साधारण दीड मिलिमीटर जाड असते, एक मिलिमीटरच्या खाली गेली की ती निकालात काढायची. पुष्कळ रिमवर झीज दाखवणारा बारीक खड्डा किंवा रेघ असते, ती दिसेनाशी झाली म्हणजे वेळ झाली. अशी खूण नसेल तर सरळ पोलादी पट्टी ब्रेकच्या पट्ट्यावर उभी धरा आणि उजेडाकडे बघा. पट्टीखालून मधोमध उजेड दिसला म्हणजे भिंत आत खचली आहे. दर पावसाळ्यानंतर हे बघायचंच. पातळ झालेली भिंत हवेच्या दाबाने फाटते, आणि बहुधा उतारावरच, कारण तिथेच ती तापते.

कार्बनबद्दल स्पष्ट बोलतो: रिम ब्रेकची स्वस्त कार्बन चाकं आपल्या घाटांसाठी घेऊ नका. पाचगणीहून वाईला उतरताना साडेपाचशे मीटरहून जास्त उंची खाली येते. ७५ किलोच्या ओझ्यासाठी ही चार लाख ज्यूलहून जास्त ऊर्जा झाली. काही भाग हवेच्या रोधात जातो, बाकीचा ब्रेकमधून उष्णता होऊन रिममध्ये शिरतो. अ‍ॅल्युमिनियम ही उष्णता झटपट पसरवतं आणि वाऱ्याला देऊन टाकतं. कार्बनमधलं राळ एका तापमानानंतर मऊ पडतं आणि टायरच्या दाबाने रिमची कड बाहेर वाकते. महागड्या रिममध्ये जास्त तापमान सोसणारं राळ असतं, स्वस्तात ते आहे की नाही हे बाहेरून कळायला मार्ग नाही. डिस्क ब्रेक असेल तर हा प्रश्नच मिटतो, आणि मग १,४०० ग्रॅमच्या आसपासच्या कार्बन जोडीचा विचार करायला हरकत नाही. त्यातही हूकलेस (टायर धरायला कडेला आत वळलेली ओठी नसलेली) रिम असेल तर दाबाची मर्यादा ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, आणि टायर फक्त त्या रिमच्या यादीतलेच. पंक्चरवाल्याकडे अंदाजाने हवा भरून घेणाऱ्याने हूकलेसच्या वाटेला जाऊ नये.

रिमची उंची वाढली की सपाटीवर वेग मिळतो, वजनही वाढतं आणि आडवा वारा चाकाला धरतो. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. त्या पठारावर ५० मिलिमीटरचं पुढचं चाक हलक्या माणसाच्या हातातून हँडल ओढून घेतं. पुढे ३० ते ३५ च्या वर जाऊ नका.

तारा किती आणि कशा

जाहिरातीत चाक हलकं दिसावं म्हणून पहिली कपात होते ती तारांत. पुढे १८ आणि मागे २० तारा असलेली चाकं सुंदर दिसतात. त्यातली मागची एक तार तुटली की रिम एवढी वाकते की टायर फ्रेमला घासतो आणि कासहून साताऱ्यापर्यंत सायकल ढकलत आणावी लागते. मागे २८ तारा असतील तर तीच घटना ब्रेक मोकळा करून हळूहळू घरी येण्यावर निभावते. वजन ७० किलोच्या आत असेल तर पुढे २० मागे २४ चालतील. ७० ते ८५ ला २४ आणि २८. त्यापुढे २८ आणि ३२. चार तारांचं वजन पंचवीस ग्रॅमच्या आत असतं. ते वाचवून काही मिळत नाही.

तारा दोन्ही टोकांना २.० आणि मध्ये १.८ मिलिमीटर असलेल्या घ्या. सरसकट २.० ची एक तार साधारण ६.७ ग्रॅमची, मध्ये बारीक असलेली ५.७ ची. पुढे २४ आणि मागे २८ अशा बावन्न तारांत पन्नासेक ग्रॅम वाचतात. त्याहून मोलाचं म्हणजे मधला बारीक भाग लवचीक असल्याने झटका तोच पचवतो आणि हबजवळचं वळण सहजासहजी तुटत नाही. सॅपिम सीएक्स-रे सारख्या चपट्या तारा सव्वाचार ग्रॅमच्या असतात, उत्तम असतात, पण परवडणाऱ्या जोडीत त्यांची किंमत डोईजड होते.

तार बहुतेक वेळा मागच्या चाकाच्या गिअरच्या बाजूला, हबला वळते तिथे तुटते. खड्ड्यात आपटून ती तुटली असं सगळे म्हणतात. खरं कारण बहुधा ढिलेपणा असतं. चाक फिरताना प्रत्येक तार खाली आली की तिचा ताण कमी होतो आणि वर जाताना पुन्हा वाढतो. ताण मुळात पुरेसा असेल तर हा फरक तिला जाणवत नाही. ढिली तार मात्र दर फेऱ्याला पूर्ण सैल पडते आणि पुन्हा ताणली जाते, हजारो किलोमीटरनंतर थकून तुटते. म्हणून नवीन चाकात गिअरच्या बाजूला ११० ते १२० किलो ताण हवा, रिमच्या कंपनीने सांगितलेल्या कमाल मर्यादेच्या आत. डाव्या बाजूला त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त भरतो. ते बरोबर आहे, कारण गिअरला जागा देण्यासाठी तारांचा कोन दोन्हीकडे वेगळा असतो. ताण मोजायचा मीटर नसेल तर एकाच बाजूच्या तारा बोटाने छेडा: सगळ्यांचा सूर जवळपास एक यायला हवा.

निपल, म्हणजे तार रिमशी आवळणारे छोटे नट, पितळी घ्या. अ‍ॅल्युमिनियमचे निपल बावन्न मिळून पस्तीसेक ग्रॅम वाचवतात, पण आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांनंतर तारेला जाम धरतात, आणि आऊट काढायला पाना लावला की गोल होतात.

हब

हबचं वजन चाकाच्या मध्याशी असतं. तिथे शंभर ग्रॅम जास्त असले तरी उचल घेताना जाणवत नाही, म्हणून हबमध्ये टिकाऊपणा बघावा. प्रश्न एकच विचारायचा: हा हब साताऱ्यात कोण उघडेल? शिमानोचे कोन आणि छर्‍याचे हब साधे पाने असलेला कुठलाही चांगला मिस्त्री उघडतो. पुढे एका बाजूला ३/१६ इंचाचे दहा छर्रे, मागे पाव इंचाचे नऊ. दर पावसाळ्यानंतर ग्रीस बदललं तर ते वर्षानुवर्षे चालतात. कोन ढिला किंवा घट्ट राहून खड्डे पडले तर मात्र हबच जातो. सीलबंद बेअरिंगचे हब, जसे नोव्हाटेक किंवा बायटेक्स, हलके असतात आणि बेअरिंगवरचा नंबर वाचून, ६९०२ असो की ६००१, एमआयडीसीतल्या बेअरिंगच्या दुकानातूनही नवीन बेअरिंग आणता येतं. सायकलसाठी दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच मागा. लोखंडी झाकणाचं पाणी अडवत नाही.

मागच्या हबची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर कॅसेटचे सुटे पोलादी दाते तिच्यात खाचा पाडतात. खाचा खोल गेल्या की कॅसेट निघता निघत नाही. काही हबना यासाठी बॉडीवर पोलादी पट्टी दिलेली असते, तीच घ्या. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरने आवळलं तर खाचा कमी पडतात.

तयार जोडी की बांधून घ्यावी

तयार जोडीत कॅम्पाग्नोलोची झोंडा, फुलक्रमची रेसिंग ३ अशी नावं ऐकायला येतात, १,५०० ते १,६०० ग्रॅमच्या पट्ट्यात. वजनाला आणि बांधणीला उत्तम. पण त्यांच्या तारा खास त्याच चाकाच्या असतात; एक तुटली तर साताऱ्यात मिळणार नाही, मागवून पंधरा दिवस वाट बघावी लागेल.

बांधून घेतलेल्या जोडीचा हिशोब असा: रिम ४६० च्या दोन म्हणजे ९२०, पुढचा हब ९०, मागचा २६०, बावन्न तारा ३००, पितळी निपल ५२. बेरीज १,६२२ ग्रॅम. रोज चालवायला आम्ही हीच बाजू घेऊ. प्रत्येक भाग सुटा मिळतो, रिम झिजली तर हब तेच ठेवून नवी रिम बांधता येते. अट एकच, बांधणारा जाणकार हवा. पुण्यात असे लोक आहेत. साताऱ्या-सांगलीत गल्लीतला जुना मिस्त्री आऊट छान काढतो, पण त्याच्याकडे ताणाचा मीटर नसतो आणि तारांची लांबी तो हाताच्या अंदाजाने धरतो. लांबी मिलिमीटरमध्ये काढून, रिमचं आतलं व्यासमाप आणि हबच्या कडांची मापं त्याच्यासमोर ठेवून द्या.

बाहेरून मागवताना आयात शुल्क, कर आणि कुरियर धरून घरपोच किंमत किती, हे लिखित घ्या. अलीएक्सप्रेस २०२० च्या नोव्हेंबरपासून भारतात बंद आहे; 'मी आणून देतो' म्हणणाऱ्याकडे वॉरंटी कोण सांभाळणार ते आधी विचारा.

जाहिरातीतलं वजन क्विक रिलीज, रिम टेप आणि व्हॉल्व सोडून असतं. साधी क्विक रिलीजची जोडी शंभर ग्रॅमच्या वर जाते, टेपचे वीस-तीस ग्रॅम. विक्रेत्याकडून काट्यावरचा फोटो मागवा. घरी तपासायला किराणा दुकानातला पाच किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो: त्यावर पालथी वाटी ठेवून आकडा शून्य करा, मग हब वाटीवर टेकवून चाक आडवं ठेवा. क्विक रिलीज काढून आणि लावून, दोन्ही आकडे लिहून ठेवा. क्विक रिलीजवर मात्र वजन वाचवू नका. बाहेर उघडी कॅम (दांडीखालचा आवळणारा भाग) असलेल्या हलक्या क्विक रिलीज पुरेशा घट्ट बसत नाहीत. शिमानोच्या साध्या पोलादी बसतात.

जुनं चाक घेत असाल तर ब्रेकचा पट्टा पोलादी पट्टीने बघा, निपलच्या भोकांभोवती केसाएवढी भेग आहे का ते नख फिरवून बघा, चाक हातात धरून आस फिरवा, खरखर लागते का ते कळेल. भेग असेल तर किंमत कितीही कमी असो, परत द्या.

बसवण्याच्या दिवशी

टायर चढवायच्या आधी रिम टेप बघा. ती तारांची भोकं पूर्ण झाकून दोन्हीकडे थोडी उरायला हवी. अरुंद टेपमधून ट्यूब भोकात घुसते आणि पहिल्याच गरम दुपारी फुटते. व्हॉल्वची लांबीही जुळवून घ्या, ३० मिलिमीटरच्या रिमला ४८ चा व्हॉल्व लागतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड प्रेस्टा (रोड सायकलच्या बारीक) व्हॉल्ववर बसत नाही, दहा-वीस रुपयांचं पितळी कनेक्टर पाऊचमध्ये कायम ठेवा.

चाक लावल्यावर रिम फ्रेमच्या मधोमध आहे का ते बघा. शंका आली तर चाक उलटं, डावीकडची बाजू उजवीकडे करून लावा. रिम तेवढीच दुसरीकडे सरकली तर दोष चाकाचा, तशीच राहिली तर फ्रेमचा. नवी रिम जुनीपेक्षा तीन-चार मिलिमीटर रुंद असेल तर ब्रेकची केबल मोकळी करून पुन्हा बांधावी लागते. ब्रेकच्या रबरात जुन्या रिमचे चकचकीत कण रुतलेले असतील तर सुईने काढा आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासा, नाहीतर ते नव्या रिमवर पहिल्याच उतारात रेघा ओढतील. मागचा डीरेल्युअर (साखळी एका दातेरीवरून दुसरीवर नेणारा भाग) शेवटच्या मोठ्या दातेरीवर हाताने ढकलून बघा: तारांना लागत असेल तर लिमिट स्क्रू आत घ्या. हे विसरलं तर चढावर गिअर टाकताना डीरेल्युअर तारांत जातो आणि चाक, डीरेल्युअर आणि तो फ्रेमला धरणारा हँगर एकाच वेळी हातचे जातात.

हवा २५ मिलिमीटरच्या टायरला ६५ ते ७० किलोच्या माणसाला पुढे ८० आणि मागे ८५ पीएसआयच्या आसपास. २८ ला त्याहून दहा-पंधरा कमी. फार कमी ठेवली तर खड्ड्यात ट्यूब रिमच्या दोन कडांत चेपते आणि दोन शेजारी भोकं पडतात. माण-खटावकडच्या रस्त्यांवर वेड्या बाभळीचे काटे पुष्कळ असतात; तिकडे नेहमी जाणं असेल तर ट्यूबलेस करा आणि टायरमागे ३० ते ४० मिलिलिटर सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घाला. उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, दोन महिन्यांनी बघून भर घाला.

पहिल्या फेरीत चाकातून टिंगटिंग आवाज आला तर घाबरू नका, बांधताना पिळलेल्या तारा सुटत असतात. शंभर किलोमीटरनंतर आऊट आणि ताण पुन्हा तपासून घ्या. डावीउजवीकडे अर्धा मिलिमीटर आणि वरखाली तेवढंच, याहून जास्त हललं तर मिस्त्रीकडे न्या. बांधणाऱ्याकडून प्रत्येक लांबीच्या दोन जास्तीच्या तारा आणि चार निपल आधीच मागून घ्या, लांबी टेपवर लिहून चिकटवा आणि सीटपोस्टमध्ये टाकून ठेवा.